उथळ पाण्यातील मुभा

आम्हां गोमंतकीयांच्या देवदर्शनाची वाट पुष्कळदा पाण्यावरून गेलेली आहे. सोळाव्या शतकात साष्टीतील देवालयांवर गंडांतर आले, तेव्हा १५६० साली कुशस्थळीचा श्रीमंगेश झुवारीच्या पलीकडे अंत्रुज महालात प्रियोळास आला आणि पुढे केळशीच्या श्रीशांतादुर्गेने कवळ्यास वास्तव्य केले. कुंभारजुव्यास आजही चतुर्थीच्या सातव्या दिवशी दोन दोन होड्या जोडून सांगोड निघतो आणि गणपती पाण्यातून मिरवत विसर्जनास जातात. नद्यांवर पूल झाले, मोटारी देवळाच्या पायऱ्यांपर्यंत येऊ लागल्या. तरी दिवाडी-चोडणाच्या रहिवाशाला अजून फेरीबोट चुकलेली नाही, आणि ज्यांच्या कुलदैवताचे मूळ स्थान पाण्यापलीकडे राहिले त्यांना तारीची आठवण वर्षातून एकदा तरी होतेच.

आमच्या देवस्थानाची गोष्ट अशीच आहे. देव केव्हाच पैलतीरी गेले. नदीतल्या लहानशा बेटावर मूळ जागी आता एक घुमटी आणि एक तुळशीवृंदावन एवढेच उरले आहे. वर्षातून एका पौर्णिमेस पालखी तेथे जाते, दिवेलागणीला आरती होते, आणि रात्री पालखी परत येते. पूर्वी हा प्रवास वल्ह्यांच्या होडीतून होत असे. काही वर्षांपूर्वी परदेशी स्थायिक झालेल्या एका भाविकाने आपली वापरलेली यंत्राची होडी देवास अर्पण केली. दहा-बारा माणसे सहज बसतील अशी ती होडी दिसावयास देखणी आणि वेगाला उत्तम होती. तिच्या यंत्राचा प्रकार मात्र आमच्या नदीला नवा होता. त्याला स्टर्नड्राइव्ह म्हणतात. त्या यंत्रावरून महाजनांच्या सभेत जो वाद झाला त्यात वकील म्हणून माझा थोडाफार भाग होता. परंतु तो वाद समजावयाचा तर आधी ते यंत्र समजले पाहिजे.

होडीला यंत्र बसविण्याच्या दोन जुन्या तऱ्हा आहेत. एकीत यंत्र होडीच्या पोटात असते, आणि त्याचा शाफ्ट तळातून बाहेर पडून पंखा फिरवितो. हे यंत्र दणकट असते, पण त्याचा पंखा तळाखाली कायमचा असल्यामुळे उथळ पाण्यात तो वाळूस लागतो. दुसऱ्या तऱ्हेत सारे यंत्रच होडीच्या पिछाडीला बाहेर टांगलेले असते. ते हाताने वर उचलता येते, म्हणून आमच्या मच्छीमार बांधवांना ते सोयीचे वाटते. ह्या दोहोंचा मेळ घालावा ही कल्पना अमेरिकन तंत्रज्ञ जिम विन ह्यांनी मांडली, आणि स्वीडनच्या व्होल्वो पेंटा कंपनीने १९५९ साली न्यूयॉर्कच्या नौका-प्रदर्शनात 'अॅक्वामॅटिक' ह्या नावाने ती बाजारात आणली. यंत्र होडीच्या आत, पिछाडीच्या फळीला लागून. आणि त्या फळीच्या बाहेर, पाण्यात उतरलेला एक उभा भाग, ज्याच्या टोकाला पंखा. हा बाहेरचा भाग डावीउजवीकडे वळतो, म्हणून निराळे सुकाणू लागत नाही. आणि तो खालीवरही होतो, म्हणून उथळ पाण्यात सोय होते. इंग्रजीत ह्या भागाला ड्राइव्ह म्हणतात. आमचा तारी त्याला 'पाय' म्हणे, आणि तेच नाव मला अधिक समर्पक वाटते.

पाय वर उचलता येतो, ही ह्या यंत्राची मोठी सोय आहे. परंतु तो उचलला असता आत काय घडते ते बाहेरून दिसत नाही. होडीतल्या यंत्राची शक्ती पायात जावयाची ती एका शाफ्टमधून, आणि त्या शाफ्टला वाकता यावे म्हणून त्यात युनिव्हर्सल जॉइंट बसविलेले असतात. मोटारीखाली गुडघे टेकून ज्याने कधी पाहिले असेल त्याला हे सांधे ठाऊक असतील; कारखान्यातले लोक त्यांतील चौफुलीला नुसते 'क्रॉस' म्हणतात. अशा एका सांध्याचा स्वभाव असा की तो वाकवून फिरविला म्हणजे पलीकडचा आस सारख्या गतीने फिरत नाही. एका फेऱ्यात तो दोनदा जलद आणि दोनदा मंद होतो. वाक १० अंशांचा असेल तर हा फरक दीड टक्क्याचा असतो आणि जाणवतही नाही. वाक ३० अंशांचा झाला की आस कधी सुमारे १३ टक्क्यांनी मागे पडतो, तर कधी १५ टक्क्यांनी पुढे धावतो. दोन सांधे जोडीने बसवून हा दोष पुष्कळसा घालविता येतो. पण वाढत्या वाकाबरोबर चौफुलीतल्या बारीक बेअरिंगांवर येणारा ताण काही नाहीसा होत नाही. पाय पूर्ण उचलला म्हणजे वाक चाळीस-पन्नास अंशांच्या घरात जातो. त्या अवस्थेत यंत्र जोरात चालविले तर आधी खडखड ऐकू येते, आणि ती ऐकूनही हात आवरला नाही तर सांधा निकामी होतो.

दुसरी गोष्ट ह्याहून गंभीर आहे. हा वाकणारा सांधा जेथे पिछाडीच्या फळीतून बाहेर जातो तेथे फळीला मोठे भोक असते, आणि ते बहुधा पाण्याच्या पातळीखाली असते. त्यातून पाणी आत येऊ नये म्हणून सांध्याभोवती घड्याघड्यांचा रबरी भाता बसवितात. लोहाराच्या भात्यासारखाच तो पसरतो आणि मिटतो. पाय उचलला की त्याची एक बाजू ताणली जाते व दुसरी चुरगळते. रबर जुने होऊन कडक झाले असेल, किंवा आत सांधा वेडावाकडा थरथरत असेल, तर भात्याची घडी फाटते. मग पाणी प्रथम आतल्या बेअरिंगचा नाश करते आणि त्यानंतर होडीत शिरते. ते हळूहळू, आवाज न करता शिरते; आणि होडी बहुधा धक्क्याला बांधलेली असताना, माणसे घरी झोपलेली असताना बुडते.

तिसरी गोष्ट पाण्याची. हे यंत्र स्वतःला थंड ठेवण्यासाठी नदीचेच पाणी घेते, आणि ते शोषून घेणारी छिद्रे पायाच्या खालच्या भागात असतात. पाय फार वर आला की ती छिद्रे पाण्याबाहेर येतात. मग पंपातली रबराची चकती, जिला इम्पेलर म्हणतात, कोरडी फिरू लागते आणि अल्पावधीतच जळून जाते; यंत्र तापते ते निराळेच. शिवाय पंखा पाण्याच्या पृष्ठभागाजवळ आला म्हणजे तो हवा ओढतो, त्याची पकड सुटते, यंत्राच्या फेऱ्या एकाएकी वाढतात आणि होडी मात्र जागची हलत नाही. पुष्कळ यंत्रांत जळलेला वायू पंख्याच्या मध्यातूनच पाण्याखाली सोडलेला असतो. पाय उचलला की तो वायू पाण्याबाहेर, मागे बसलेल्या माणसांच्या नाकाशी येतो. त्यातला विषारी अंश गंधावरून ओळखता येत नाही.

तेव्हा पाय उचलून यंत्र चालवूच नये काय? तसे नाही. यंत्र करणाऱ्यांनी ह्याचा विचार केलेला असतो. त्यांच्या पुस्तिकांत पायाच्या हालचालीचे सामान्यतः तीन टप्पे सांगितलेले आढळतात. पहिला टप्पा नेहमीच्या प्रवासाचा. त्यात पाय थोडा आत-बाहेर करून होडीची नाळ वर-खाली ठेवता येते, आणि वाटेल तो वेग घेता येतो. दुसरा टप्पा उथळ पाण्याचा. त्यात पाय आणखी वर जातो, दोन्ही बाजूंनी त्याला सावरणाऱ्या आधाराबाहेर पडू लागतो, म्हणून यंत्र अगदी मंद चालवावे लागते. मर्क्रूझरच्या पुस्तिका ह्यासाठी मिनिटाला १२०० फेऱ्यांच्या आतली मर्यादा घालतात; दुसऱ्या कंपन्यांची मर्यादा निराळी असू शकते, आणि ज्याने त्याने आपल्या यंत्राची पुस्तिकाच प्रमाण मानावी. तिसरा टप्पा होडी गाडीवर चढवून नेण्याचा. त्यात पाय पूर्ण वर असतो आणि यंत्र बंदच असले पाहिजे.

कायद्याचा अभ्यास केलेल्या माणसाला ही रचना ओळखीची वाटेल. पहिला टप्पा हा नियम, दुसरा हा अपवाद, आणि तिसरा हा निषेध. अपवादाचा अर्थ संकुचितच लावावा असे आम्हांला विद्यार्थिदशेत शिकविले जाते. कारण अपवाद सैल केला की तो नियमास गिळून टाकतो. उथळ पाण्यात पाय उचलण्याची मुभा दिली आहे ती मंद गतीच्या अटीसह, आणि वाळूचा पट्टा ओलांडण्यापुरती. अट सोडून मुभा तेवढी घेणे म्हणजे दस्तऐवजाचे अर्धे वाक्य वाचणे होय.

आता आमच्या वादाकडे येतो. त्या वर्षी पौर्णिमेस सायंकाळी सहाच्या सुमारास पालखी होडीत चढली. नदी ओसरलेली होती, आणि बेटाच्या धक्क्याआधी वाळूचा जो पट्टा आहे त्यावर गुडघाभरच पाणी होते. तारीने बटण दाबून पाय वर घेतला. पंखा वाळूला लागेनासा झाला, पण होडी भरलेली असल्यामुळे पुढे सरकेना. आरतीची वेळ टळत होती, आणि होडीतले चार वजनदार आवाज 'जोर दे' म्हणून सांगत होते. त्याने जोर दिला. पाय वरच असताना होडी खडखडत पट्ट्यावरून गेली, आरती वेळेवर झाली, रात्री पालखी सुखरूप परत आली. दुसऱ्या दिवशी सकाळी होडीची पिछाडी धक्क्याशी पाण्याखाली गेलेली होती. मिस्त्रीने पाय उतरवून पाहिला तेव्हा भाता एका घडीवर लांबवर फाटलेला आढळला, आणि सांध्याची एक चौफुली सैल झालेली होती.

सभेत तारीवर आरोप आला की त्याने यंत्र निष्काळजीपणे चालविले. त्यास कामावरून दूर करावे आणि दुरुस्तीचा खर्च त्याच्याकडून वसूल करावा. तारी वयोवृद्ध. त्याच्या वडिलांनी आणि आजोबांनीही देवाची होडी वल्हविलेली. तो सभामंडपाच्या खांबाशी उभा होता. मी त्याला विचारले, तेव्हा तो म्हणाला, "वकीलबाब, उदक म्हाका कळटा; ह्या यंत्राचें म्हाका कोणेंच सांगूंक ना." त्याच्या तोंडून सबंध सभेत एवढेच बोलणे निघाले.

मी यंत्राची पुस्तिका मागविली. ती होडीबरोबर आलेली होती आणि देवस्थानाच्या कपाटात, जमाखर्चाच्या वह्यांमागे, प्लास्टिकच्या पिशवीतून बाहेर न काढताच ठेवलेली होती. तीत सारे लिहिले होते: पाय कुठवर उचलावा, यंत्र किती मंद ठेवावे, भाता दरसाल तपासावा, जुना झाला की बदलावा. इंग्रजीत होते, आणि ज्या माणसाने ते पाळावयाचे त्याला इंग्रजी येत नव्हते. मिस्त्रीनेही सांगितले की भात्याचे रबर आधीच कडक होऊन तडकलेले होते. नवा भाता असता तर कदाचित एवढ्या धक्क्याने फाटला नसता.

एका विद्वान महाजनांनी म्हटले की कायद्याचे अज्ञान ही सबब होऊ शकत नाही, मग यंत्राच्या नियमांचे अज्ञान सबब कशी व्हावी? प्रश्न योग्य होता, आणि त्याचे उत्तरही त्याच तत्त्वात आहे. कायद्याचे अज्ञान ही सबब नाही, कारण कायदा राजपत्रात प्रसिद्ध केलेला असतो. तो जाणून घेण्याची वाट प्रत्येकास खुली असते. जो नियम धन्याने कपाटात कुलूप लावून ठेवला, तो सेवकावर लादता येत नाही. तारीच्या हातून चूक झाली नाही असे माझे म्हणणे नव्हते. खडखड ऐकू आल्यावर त्याने यंत्र बंद करावयास हवे होते, हे त्यालाही मान्य होते. परंतु खडखडीचा अर्थ त्याला कुणी सांगितला नव्हता, भाता कुणी तपासला नव्हता, आणि 'जोर दे' म्हणणारे आवाज त्याच सभेत बसलेले होते. चूक वाटून घ्यावयाची तर ती अनेकांच्या वाट्यास येत होती. खर्च मात्र एकट्या गरिबाच्या माथी मारावयाचा, हे न्यायास धरून नव्हते.

सभेने अखेर खर्च देवस्थानाच्या निधीतून करण्याचे ठरविले आणि तारीस कायम ठेविले. त्याचबरोबर मला नियमांचा मसुदा करण्यास सांगितले. मी तो मिस्त्री आणि तारी ह्या दोघांना समोर बसवून केला, कारण एकाला यंत्र ठाऊक होते आणि दुसऱ्याला नदी. होडी घेण्यापूर्वी यंत्राच्या नियमांखेरीज आणखीही एक नियम लागू होता, तोही सभेस कळविला. १९१७ चा अंतर्देशीय जलयानांचा जुना कायदा जाऊन २०२१ चा नवा कायदा आला आहे. होडीची नोंदणी, तपासणी आणि विमा ह्या गोष्टी त्यात आहेत, आणि होडी देवाची असली तरी ती त्यांतून सुटत नाही.

मसुदा अगदी साधा झाला. पाण्याची खोली आधी काठीने मोजावी. पायाखाली पाणी कमी वाटल्यास प्रथम यंत्र मंद करावे आणि मगच पाय उचलावा. वेगात असताना उचलू नये. पाय खुणेपेक्षा वर न्यावा लागत असेल तर यंत्र बंद करून, पाय पूर्ण उचलून, होडी बांबूने पुढे ढकलावी. आमच्या आजोबांनी हेच केले होते आणि त्यात कमीपणा नाही. मागची दोन-चार माणसे हळूच पुढे सरकली तर पिछाडी थोडी वर येते आणि पाय कमी उचलावा लागतो. पण माणसांनी एकदम उठू नये. वाळूत रुतल्यास यंत्राच्या जोरावर मागे-पुढे करू नये, कारण पंख्याने उपसलेली वाळू पाणी शोषणाऱ्या छिद्रांतून आत जाते. तापमानाच्या काट्यावर नजर ठेवावी. खडखड ऐकू येताच हात आवरावा. धक्क्याशी कोणीही पाण्यात उतरण्यापूर्वी यंत्र बंद झालेले असावे, मग पाय वर असो वा खाली. रात्री होडी पुरेशा खोल पाण्यात बांधावी आणि पाय खाली सोडून ठेवावा, म्हणजे भाता ताणलेल्या अवस्थेत कडक होत नाही. जमिनीवर यंत्र धुताना छिद्रांना नळाचे पाणी जोडून, पाय खाली ठेवून, मंद गतीनेच चालवावे. आणि शेवटचा नियम प्रवाशांसाठी: होडीत आज्ञा एकट्या तारीची चालेल.

हे नियम देवनागरीत, कोकणीत, पांढऱ्या पाटीवर काळ्या अक्षरांत रंगवून सुकाणूच्या चाकाशेजारी लावले. मिस्त्रीने पायाच्या उंचीच्या काट्यावर तांबड्या रंगाची एक रेघ ओढून दिली. पुस्तिकेतल्या अनेक पानांचे सार त्या एका रेघेत आले. तारी म्हणाला की आता हाताला कळते.

परंतु खरी सुधारणा मसुद्यात नव्हती, ती पंचांगात निघाली. कोकणपट्टीत भरतीचा एक जुना अंदाज आहे. तिथीच्या अंकाची पाऊणपट केली की भरतीची वेळ येते. पौर्णिमा म्हणजे पंधरावी तिथी. पंधराची पाऊणपट सव्वाअकरा. म्हणजे पौर्णिमेला भरती सकाळी आणि रात्री सव्वाअकराच्या सुमारास, आणि ओहोटी त्यापासून सहा तासांवर, पहाटे आणि सायंकाळी. शिवाय पौर्णिमा-अमावास्येला उधाण असते, आणि उधाणाच्या दिवसांत भरती जितकी मोठी तितकीच ओहोटीही खोल जाते. म्हणजे ज्या सायंकाळी सहाला आम्ही पालखी काढत होतो, ती पंधरवड्यातली नदीची जवळजवळ सर्वांत उथळ घटका होती. सांगोडाचा सातवा दिवस दशमीच्या आसपास येतो. त्याच हिशेबाने तेथे भरती साडेसातच्या सुमारास, सायंकाळच्या मिरवणुकीला अनुकूल पडते. पूर्वी आमची आरतीही रात्री उशिरा होत असे, असे वृद्ध मंडळी सांगतात; मोटारी आल्यावर लोकांना लवकर घरी परतावेसे वाटू लागले आणि वेळ अलीकडे सरकली. वल्ह्यांच्या सपाट होडीला ते खपले. पाय असलेल्या यंत्राला खपले नाही.

ज्या पंचांगातून आम्ही उत्सवाची तिथी काढत होतो, त्याच तिथीत पाण्याची खोलीही लिहिलेली होती. तारीला ती तोंडपाठ होती. पण वेळ ठरविताना त्याला कुणी विचारले नव्हते. आता विचारतात. पालखी हल्ली रात्री साडेआठनंतर, पाणी अर्धेअधिक चढल्यावर निघते, आणि वाळूच्या पट्ट्यावरून जाताना पाय तांबड्या रेघेच्या खालीच राहतो. देवस्थानाच्या निमंत्रणपत्रिकेत मुहूर्ताच्या ओळीखाली आणखी एक ओळ छापली जाऊ लागली आहे: भरतीची वेळ. ती कोणती घालावयाची हे पुरोहित आणि तारी एकत्र बसून ठरवितात.